हातातला गेमिंग कन्सोल उघडण्याआधी: आत काय काय असतं आणि हात कुठून घालायचा

अंगठ्याने फिरवायची स्टिक आपोआप एका बाजूला जायला लागली, फॅनचा आवाज वाढला, चार्जिंग होईना, यातलं काहीतरी झालं की कन्सोल उघडायचा विचार येतो आणि मग बरेच जण एखादा व्हिडिओ बघून थेट स्क्रू काढायला बसतात. माझं म्हणणं एवढंच की आधी आत काय आहे ते समजून घ्या. हे यंत्र म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या कन्सोलची छोटी आवृत्ती नाहीये, त्याची सगळी मांडणी बॅटरी आणि उष्णता या दोन गोष्टींभोवती केलेली असते, आणि हे एकदा डोक्यात बसलं की कुठला पार्ट कुठे असेल, आधी काय सोडवायचं, बिघाड साधारण कुठे असेल हे न उघडताही बऱ्यापैकी सांगता येतं.

ही ओढाताण पहिल्यापासूनच आहे. १९८९ चा गेम बॉय आणि १९९० चा सेगाचा गेम गिअर शेजारी ठेवून बघा, दोघांच्या स्क्रीनवर ठिपके सारखेच, १६० बाय १४४. गेम बॉयमध्ये फक्त चार छटा, मागून उजेड नाही, प्रोसेसर ४.१९ मेगाहर्ट्झचा, आणि चार डबल ए सेल घातले की कितीतरी दिवस बघायला नको. गेम गिअरमध्ये रंग होते, स्क्रीनमागे उजेडासाठी छोटी फ्लुरोसंट नळी होती, आणि सहा सेल तीन ते पाच तासांत संपायचे. पुढे २००४ मध्ये सोनीचा पीएसपी आला, त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकत होता पण सुरुवातीला गेमना २२२ च्या वर जाऊ देत नव्हते, ती अडवणूक २००७ मध्ये फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने काढली. निन्टेन्डो स्विच डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, असताना ग्राफिक्स ७६८ मेगाहर्ट्झवर चालवतो आणि हातात घेतला की साधारण निम्म्यावर आणतो. चिप तीच, फक्त हातात असताना वीज जपायची असते आणि तुमचे तळवेही भाजू द्यायचे नसतात.

आता हत्यारं. इथे कंजूषी करू नका, कारण अर्धे कन्सोल चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने खराब होतात असं मी अनुभवाने म्हणतो. निन्टेन्डोच्या बाहेरच्या स्क्रूला तीन पाकळ्यांचं डोकं असतं, त्याला ट्राय-विंग म्हणतात, स्विचला वाय-००, आणि तो साध्या चौफुली ड्रायव्हरने रेटून काढायला गेलात तर डोकं झिजतं आणि मग तो स्क्रू ड्रिलशिवाय निघत नाही. आतले स्क्रू चौफुली असतात, त्याला ०० साईझचा बिट लागतो, आणि जपानी मापाचा म्हणजे जेआयएस बिट मिळाला तर तोच घ्या, तो खोलवर बसतो आणि निसटत नाही. स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा हातातला कन्सोल, त्याचं पहिलं मॉडेल साध्या चौफुलीने उघडतं, २०२३ च्या ओलेड स्क्रीनच्या मॉडेलला टॉर्क्स टी-६ हा सहा टोकांच्या चांदणीसारखा बिट लागतो. त्याशिवाय प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारचा पिक, बारीक टोकाचा चिमटा, ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, टॉर्च. धातूची पट्टी किंवा चाकू फट उघडायला वापरू नका, प्लास्टिकवर वळ उठतात ते सोडा, आत लगेच बॅटरी असू शकते.

एक कोरा कागद घ्या, त्यावर कन्सोलची बाहेरची रेघ काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तो कागदावर त्याच जागी टेपने चिकटवा. हे मी दर वेळी करतो, दहावा कन्सोल असला तरी. स्टीम डेकच्या मागे आठ स्क्रू आहेत, चार लांब आणि चार आखूड, लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर समोरच्या प्लास्टिकला आतून फोड येतो.

स्क्रू काढायच्या आधीची तयारी. कन्सोल नुसता स्लीप मोडमध्ये ठेवून चालत नाही, पूर्ण बंद करायचा, पॉवर बटन दाबून धरून. चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणा, कारण कमी भरलेली लिथियम बॅटरी चुकून दुखावली तरी त्यात भडकायला ऊर्जा कमी असते. गेम कार्ड आणि मायक्रोएसडी काढा आणि हे खरंच विसरू नका, स्टीम डेकमध्ये कार्ड आतल्या बोर्डवर बसतं आणि त्याचं टोक कव्हरच्या खाचेतून बाहेर येतं, कार्ड तसंच ठेवून कव्हर उचललं की त्याचे दोन तुकडे होतात. डेकमध्ये आणखी एक चांगली सोय आहे, व्हॉल्यूम वाढवायचं बटन धरून पॉवर दाबलं की बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाता येतं, तिथे पॉवरच्या भागात बॅटरी स्टोरेज मोड आहे, तो लावला की चार्जर जोडेपर्यंत यंत्र चुकूनही चालू होत नाही.

स्क्रू सगळे निघाले असं वाटलं आणि तरी कव्हर हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा लपलेला असतो. स्विचमध्ये मागचा स्टँड उघडला की मायक्रोएसडीच्या खोबणीत एक अगदी बारीक स्क्रू आहे आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. स्टिकरखाली, रबरी पायांखाली, चंदेरी टेपखाली बघा. स्क्रू नसेल तर मग प्लास्टिकच्या क्लिप धरून ठेवतात, त्या एका कोपऱ्यापासून पट्टी सरकवत एकेक सोडायच्या, ट्रिगर बटनांच्या बाजूला कव्हर सगळ्यात घट्ट असतं. सुटताना जो टक्कन आवाज येतो तो ऐकून घाबरायला होतं पण तो क्लिपचाच असतो. कव्हर थोडं उचललं की लगेच पूर्ण ओढू नका, टॉर्चने आत बघा, कारण काही कन्सोलमध्ये मागच्या कव्हरला बटनांची किंवा स्पीकरची केबल जोडलेली असते.

कव्हर निघालं की सगळ्यात आधी नजरेत भरते ती बॅटरी, काळी किंवा चंदेरी, सपाट, आणि जागेचा मोठा वाटा तिचाच. पहिलं काम तिचं कनेक्टर सोडवणं. कधीकधी ते धातूच्या पत्र्याखाली असतं, डेकमध्ये तो पत्रा तीन स्क्रूंनी धरलेला असतो आणि त्यातला एक टेपखाली. पत्रा काढा, मग कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टोकाने थोडं थोडं हलवत सोडवा, वायर धरून ओढायचं नाही. कनेक्टर निघेपर्यंत बोर्डवर दुसरं काहीच करायचं नाही, कारण यंत्र बंद असलं तरी काही रेषांवर वीज असतेच आणि स्क्रू ड्रायव्हर घसरून दोन टोकं जुळली की एखादा फ्यूज किंवा पॉवर चिप तिथल्या तिथे जाते.

बॅटरीबद्दल थोडं जास्त बोलतो कारण गैरसमज फार आहेत. लेबलवरचे मिलीअँप-अवर बघून दोन कन्सोलची तुलना करू नका. पहिल्या स्विचमध्ये ४३१० मिलीअँप-अवर, ३.७ व्होल्ट, गुणाकार केला की साधारण १६ वॅट-अवर. पहिल्या स्टीम डेकमध्ये ४० वॅट-अवर, ओलेडमध्ये ५०. खरा आकडा वॅट-अवरचा. डेकची मुख्य चिप ४ ते १५ वॅट खाते, स्क्रीन, रॅम, वायफाय, फॅन धरून जड गेममध्ये सगळं मिळून २० वॅटच्या आसपास गेलं की ४० भागिले २० म्हणजे दोन तास, आणि हलक्या गेममध्ये ८ वॅट लागले तर पाच तास. त्यामुळे बॅटरी लवकर संपते म्हणून लगेच नवी घेऊ नका, आधी गेमचा फ्रेम रेट आणि स्क्रीनचा उजेड कमी करून बघा.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे कव्हर मध्ये उचललं गेलंय, स्क्रीन कडेने वर आलीये, तर तो कन्सोल चार्जला लावायचा नाही आणि वापरायचाही नाही. काढताना टोचायची नाही, वाकवायची नाही, गोंदाने चिकटलेली असते म्हणून कडेने दोन-चार थेंब आयसोप्रोपिल सोडून पाच मिनिटं थांबायचं आणि रुंद प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवायची. शेजारी वाळूचं भांडं ठेवा. आणि निघालेली बॅटरी घरच्या कचऱ्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

यानंतर रिबन केबल. चपट्या, पातळ, पांढऱ्या किंवा तपकिरी पट्ट्या, स्क्रीन, टच, स्टिक, बटनं सगळं यांनीच बोर्डला जोडलेलं असतं आणि नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मी पहिला कन्सोल उघडला तेव्हा मला वाटलं ही पट्टी नुसती खोचलेली आहे, ओढली, ती आलीही, पण तिच्यासोबत कनेक्टरची काळी पट्टी तुटून आली आणि त्या बाजूचं खांद्याचं बटन कायमचं गेलं. त्या काळ्या पट्टीला लॅच म्हणतात. ती नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने वर उचलायची, दारासारखी उभी राहते, मग केबल अजिबात जोर न लावता सरळ बाहेर येते. काही जुन्या कन्सोलमध्ये लॅच उचलायची नसते, दोन्ही टोकं धरून बाहेर सरकवायची असते. आणि काही केबल लॅचवाल्या नसतातच, त्यांच्या टोकाला चौकोनी कनेक्टर असतो, तो बॅटरीसारखा वर उचलायचा. म्हणून प्रत्येक केबलजवळ थांबून टॉर्च मारून बघा की ही तिघांपैकी कुठली, आणि ओढायच्या आधी फोटो काढा. वायफायच्या अँटेनाच्या बारीक गोल वायरी असतात, त्या बटनासारख्या दाबून बसवलेल्या असतात, त्या सरळ वर उचलायच्या, तिरक्या नाही.

आता बॅटरीच्या शेजारी तांब्याची चपटी नळी आणि तिच्या टोकाला फॅन दिसेल. ती नळी भरीव नसते. आत पोकळी असते, हवा काढून थोडं पाणी भरून सीलबंद केलेली असते, चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ फॅनकडे जाते, तिथल्या पातळ पत्र्यांपाशी थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून परत चिपकडे झिरपतं. म्हणून ती वाकवू नका, चेपली की हा प्रवास थांबतो. सगळ्या कन्सोलमध्ये फॅन नसतो, गेम बॉय, डीएस, पीएसपी यांची वीजच इतकी कमी लागायची की गरजच नव्हती.

फॅनचा आवाज वाढला म्हणून उघडलं असेल तर बहुतेक वेळा त्या पातळ पत्र्यांत धुळीचा नमदा बसलेला असतो. फॅनचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा आणि मग हवा मारा, नाहीतर पातं वेड्यासारखं फिरतं, बेअरिंग खराब होतं आणि फिरणारी मोटर उलटी वीज बनवून बोर्डकडे पाठवते. चिपवरची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता नळीकडे पोचवणारा लेप, बदलायची असेल तर हीट सिंकचे, म्हणजे चिपवर टेकलेल्या त्या नळीच्या भागाचे, स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून सैल करा. खाली जी चकचकीत काच दिसते ती सिलिकॉनच आहे, उघडी, तिच्यावर कोपऱ्यातून दाब आला तर तडकते. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, नवी अगदी थोडी. स्विचमध्ये वरच्या पत्र्याच्या आणि नळीच्या मध्ये चिकणमातीसारखं एक जाडसर थर्मल मटेरियल असतं, ते घाण समजून पुसून टाकू नका, पत्राही उष्णता बाहेर काढायच्या कामाला लावलेला आहे आणि तो थर गेला तर मध्ये फट राहते.

बोर्डवरच्या चिप ओळखायला सोप्या आहेत. हीट सिंकखालची मोठी ती मुख्य, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच तुकड्यात, स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स-१, डेकमध्ये एएमडीची. तिच्या अगदी जवळ चिकटून एकसारख्या दिसणाऱ्या दोन किंवा चार चिप म्हणजे रॅम, स्विचमध्ये ४ जीबी, डेकमध्ये १६. जवळ का, तर तारा जितक्या आखूड तितका वेग जास्त आणि वीज कमी. रॅम सोल्डर केलेली, म्हणजे वितळवलेल्या धातूने बोर्डला जोडलेली असते, घरी बदलता येत नाही. स्टोरेजचं मात्र वेगळं आहे, डेकमध्ये २२३० मापाची एसएसडी असते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद ३० लांब, एका स्क्रूवर, बदलणं पाच मिनिटांचं काम, फक्त जुन्या एसएसडीवरचं धातूचं आवरण काढून नव्यावर चढवायला विसरू नका. पहिल्या स्विचमध्येही ३२ जीबीचं स्टोरेज छोट्या वेगळ्या बोर्डवर आहे, पण ते त्या यंत्राशी कुलूपबंद असतं, नुसतं दुसरं लावून चालत नाही. यूएसबी-सी पोर्टजवळ जो काळ्या चौकोनांचा आणि करड्या ठोकळ्यांचा घोळका दिसतो तो विजेचा भाग, चार्जरशी किती व्होल्ट घ्यायचे ते ठरवणारी चिप आणि बॅटरी भरणारी चिप. चार्जिंग होत नसेल तर इथपर्यंत यायच्या आधी पोर्टमध्येच टॉर्च मारा, २४ बारीक टोकांच्या मध्ये कापडाचा लगदा दाबून बसलेला सापडतो, लाकडी काडीने काढता येतो.

स्टिक हा माझा सगळ्यात आवडता पार्ट आणि सगळ्यात जास्त झिजणाराही. साध्या स्टिकच्या दोन बाजूंना दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्यासाठी एक उभ्यासाठी, आणि खाली दाबायचं एक स्विच. प्रत्येकात कार्बनचा थर आणि त्यावरून फिरणारी धातूची बारीक जीभ. जीभ मध्यावर असली की निम्मे व्होल्ट मिळतात, कन्सोल तो आकडा वाचून म्हणतो स्टिक मध्ये आहे. आता वर्षभर गेम खेळल्यावर कार्बन नेमका मध्याच्या आसपास झिजतो, कारण जीभ सगळ्यात जास्त तिथूनच जाते येते, मग हात न लावताही आकडा मध्यापेक्षा थोडा सरकलेला येतो आणि स्क्रीनवरचा माणूस स्वतःहून चालायला लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात.

उपाय क्रमाने करा. आधी सेटिंगमध्ये कॅलिब्रेट करा, म्हणजे स्टिकचा मध्य कन्सोलला नव्याने शिकवा, आणि डेड झोन थोडा वाढवा, म्हणजे मध्याजवळची बारीक हालचाल कन्सोल मोजणार नाही. नंतर स्टिकच्या टोपीखालून हवा मारा. मग थोडं कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे), स्टिक गोल फिरवत, आणि पूर्ण सुकू द्या. यातून काही आठवडे आराम मिळतो पण झिजलेला कार्बन परत उगवत नाही, शेवटी स्टिक बदलावी लागते. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये, म्हणजे बाजूला सुट्या होणाऱ्या कंट्रोलरमध्ये, आणि डेकमध्ये स्टिक वेगळा पार्ट आहे, स्क्रू आणि केबल काढून बदलता येतो, जॉय-कॉनमध्ये स्वतःची ५२५ मिलीअँप-अवरची बॅटरी असते ती आधी सोडवायची. पण काही कन्सोलमध्ये स्टिक थेट बोर्डवर सोल्डर केलेली असते, पोटेन्शिओमीटरचे सहा पाय, खालच्या दाबायच्या स्विचचे चार आणि धरून ठेवणारे चार असे चौदा पाय एकाच वेळी मोकळे करावे लागतात, आणि सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम शिकायला आधी एखादा बंद पडलेला कंट्रोलर घ्या, चालू कन्सोल नाही. बदलताच आहात तर हॉल इफेक्टवाली स्टिक मिळते का बघा, तिच्यात चुंबक आणि सेन्सर असतो, काही घासतच नाही म्हणून तशी झीज होत नाही. बसवल्यावर कॅलिब्रेट मात्र करावंच लागतं.

बटनांची गोष्ट छोटी आहे. प्लास्टिकच्या बटनाखाली रबराची घुमटी, तिच्या पोटात काळी कार्बनची टिकली, ती बोर्डवरच्या बोटं गुंतवल्यासारख्या दिसणाऱ्या रेषांवर टेकली की सर्किट जुळतं. बटन नीट लागत नसेल तर रेषा आणि टिकली कापसाने अल्कोहोल लावून हलकेच पुसा, टिकली घासू नका. जी बटनं टकटक वाजतात त्यांच्याखाली धातूची घुमटी असते.

स्क्रीनला शक्यतो हात लावू नका, फुटली असेल तरच. पहिल्या स्विचमध्ये टचची काच आणि एलसीडी वेगळ्या आहेत, नुसती वरची काच गेली असेल तर तेवढीच बदलता येते, डेकमध्ये दोन्ही एकजीव चिकटवलेल्या असतात. आणि कोणाकडे जुना गेम गिअर असेल तर एक सूचना, त्या फ्लुरोसंट नळीसाठी आत जास्त व्होल्ट तयार होतात, चालू असताना उघडून बोट घालू नका. त्याचे कपॅसिटरही (वीज साठवणारे छोटे डबे) वयाने गळतात आणि बोर्डवर चिकट डाग पडतात, आवाज बारीक झाला किंवा स्क्रीन फिकी झाली की पहिला संशय त्यांच्यावर घ्या.

बंद करताना उलटा क्रम, बॅटरीचं कनेक्टर सगळ्यात शेवटी. रिबन केबल घालताना तिच्यावरची पांढरी रेघ कनेक्टरला समांतर बसली पाहिजे, तिरकी राहिली तर टच किंवा बटन अधूनमधून बंद पडतं आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. कव्हर लावायच्या आधी बॅटरी जोडून एकदा चालू करून बघा, स्टोरेज मोड लावला असेल तर चार्जर लावावा लागेल, मग स्क्रीन, टच, दोन्ही स्टिक, सगळी बटनं, स्पीकर, वायफाय, चार्जिंग आणि फॅन फिरतोय का हे तपासा. एकदा परत बंद करा, मग क्लिप दाबून कव्हर लावा, फट कुठेच राहायला नको. फट राहिली तर बहुतेक एखादी वायर कडेला आली असते, दाबून बसवू नका, परत उघडून बघा. स्क्रू प्लास्टिकमध्ये लावताना आधी उलटा फिरवा, हलका टक आवाज येईल तिथे जुने आटे जुळले, तिथून सरळ फिरवा आणि हाताला अडलं की थांबा.